हॅनिबल : एका नावाचे तीन धनी

'हॅनिबल' हे नाव ऐकताच आजच्या तरुण पिढीला आठवतो तो नरमांसभक्षक डॉ. हॅनिबल लेक्टर. अमेरिकन कादंबरीकार थॉमस हॅरिस यांनी १९८१ साली 'रेड ड्रॅगन' या कादंबरीत ही व्यक्तिरेखा निर्माण केली आणि १९९१ च्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या चित्रपटातील अँथनी हॉपकिन्स यांच्या अभिनयाने ती जगभर पोहोचवली. हा मृदुभाषी, सुसंस्कृत खुनी सर्वस्वी काल्पनिक आहे. त्याचे नाव मात्र बावीसशे वर्षांपूर्वी एका थोर सेनापतीचे होते.

आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील कार्थेज नगरात इ.स.पू. २४७ मध्ये हॅनिबल बार्का जन्मला. त्याच्या नावाचा अर्थ 'बाअल या देवाची कृपा'. आपल्याकडील 'हरिप्रसाद'सारखेच ते श्रद्धेतून ठेवलेले नाव. इ.स.पू. २१८ मध्ये स्पेनमधून निघून, हत्तींसह हिमाच्छादित आल्प्स ओलांडून तो इटलीत उतरला. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनी येथे त्याने आपल्या सैन्याचा मध्यभाग हेतुतः मागे सरकू दिला, दोन्ही बाजू मिटत आणल्या आणि संख्येने मोठ्या असलेल्या रोमन सेनेला वेढून तिचा संहार केला. ही व्यूहरचना आजही लष्करी विद्यालयांत अभ्यासली जाते. अखेर इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे स्किपिओने त्याचा पराभव केला. पुढे परागंदा अवस्थेत, रोमनांच्या हाती पडण्यापेक्षा त्याने विष घेणे पत्करले.

अशा सेनापतीच्या नावाला नरमांसभक्षणाचा डाग प्राचीन काळीच लागला होता. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने हॅनिबलला प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांकडे चौकशी केली होती. तो सांगतो की, इटलीच्या वाटेवर अन्नाची चिंता पडली तेव्हा सैनिकांना मानवी मांस खाण्याची सवय लावावी, असा सल्ला एका सरदाराने दिला. सेनापतीला आणि त्याच्या सहकाऱ्यांना तो अमलात आणणे जमले नाही. त्या सरदाराचे नावही हॅनिबलच होते : हॅनिबल मोनोमाखस. सेनापतीच्या माथी मारलेली काही क्रूर कृत्ये या नामबंधूची होती, असे लोक म्हणत, हेही पॉलिबियस नोंदवतो.

सुमारे दीड शतकानंतर रोमन इतिहासकार लिव्ही याने एका रोमन कॉन्सलच्या भाषणात, हॅनिबलने सैनिकांना नरमांस खायला शिकवले, असा उघड आरोप घातला. नाकारलेला सल्ला आता प्रत्यक्ष कृत्य ठरला. त्याचे खंडन कोण करणार? इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज जमीनदोस्त केले होते. कार्थेजच्या माणसाने लिहिलेले हॅनिबलचे चरित्र आज उपलब्ध नाही.

'कॅनिबल' म्हणजे नरभक्षक, या इंग्रजी शब्दाशी हॅनिबलचे यमक जुळते. परंतु तो शब्द कॅरिबियन बेटांवरील लोकांच्या नावावरून स्पॅनिशमार्गे आला आहे. दोहोंचा संबंध केवळ उच्चारापुरता.

हॅनिबल शत्रूंसाठी निर्दय होता, हे विसरून चालणार नाही. कॅनीच्या रणांगणावर हजारो माणसे एका दिवसात मारली गेली. पण जे त्याने केले नाही, त्याचे ओझे त्याच्यावर लादणे हा न्याय नव्हे. इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्याने सनावळीबरोबर एवढे विचारायला शिकावे : हे कोणी लिहिले, घटनेनंतर किती काळाने लिहिले, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे कुठे गेले?