आपट्याचं भात, राब आणि मिथेनचा हिशेब

आपटा म्हटलं की बहुतेकांना ‘दिलवाले दुल्हनिया’मधलं शेवटचं स्टेशन आठवतं. पण पाताळगंगेकाठच्या या पट्ट्याची जुनी ओळख भाताची. आणि आमच्या भातशेतीकडे बाहेरच्यांनी बोट दाखवणं हेही काही नवीन नाही.

पनवेल तालुका 1883 मध्ये ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात आला. त्याच दशकात राबावरून वाद पेटला. रोपं टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून जाळायचा, तो राब. इंग्रजांच्या जंगल खात्याला टहाळ तोडणं खुपलं. ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला 1885 मध्ये आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं: राब नाही तर रोप नाही.

शंभर वर्षांनी आरोप बदलला. खाचरात पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, कुजणाऱ्या काडीकचऱ्यावरचे सूक्ष्मजीव मिथेन सोडतात आणि तो भाताच्या देठातूनच वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 28 पट तापवणारा वायू. हे खरंच आहे. पण किती? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने भारताच्या माथी वर्षाला जवळपास 3.8 कोटी टन मारले होते! 1991 मध्ये ए. पी. मित्रांच्या पुढाकाराने आपल्या शास्त्रज्ञांनी देशभर खाचरांत उतरून मोजणी केली. आकडा निघाला सुमारे 40 लाख टन. त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी विचारलं, पोटासाठीचा वायू आणि चैनीच्या गाड्यांचा वायू एकाच तराजूत कसे?

म्हणून 40 लाख टन म्हणजे काहीच नाही, असंही नाही. ‘मधूनमधून पाणी तोडा’ हा सल्ला कालव्याच्या भाताला ठीक. आपल्याकडे जुलैत पाणी पाऊस देतो, त्याला कोण तोडणार? यावरचा तोडगा शेजारच्या कर्जत तालुक्यात, नेरळला निघाला. चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत: चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर थेट टोकणी, नांगरणी बंद, जुन्या पिकाची मुळं जमिनीतच. वाफ्यात पाणी तुंबत नाही, मुळाशी हवा राहते. तणनाशक मात्र लागतं, आणि ते मला खटकतं.

शेतकरी तिकडे वळतो तो लावणीला माणसं मिळत नाहीत म्हणून, मिथेनसाठी नाही. आता मिथेन वाचवल्याबद्दल कार्बन क्रेडिटचे पैसे देण्याची भाषा सुरू झालीय. पनवेल तालुक्यात सातबारा एकाचा आणि चिखलात पाय दुसऱ्याचे, हे आपण रोज बघतो. ते पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे आधी लिहून घ्या.