उडत्या कॅमेऱ्याचें ओझें

श्रोतेहो, लग्नाच्या मांडवावर, जत्रेच्या गर्दीवर किंवा गडाच्या तटावर भुंग्यासारखें गुणगुणत फिरणारें चार पंख्यांचें यंत्र आतां लहान मुलांच्याहि परिचयाचें झालें आहे. त्यास आपण ड्रोन म्हणतों. त्याच्या पोटाशीं कॅमेरा असतो, आणि एके काळीं केवळ पक्ष्यांसच दिसणारें दृश्य तो आपल्या हातीं आणून देतो. परंतु हौशी माणूस मिळालें त्यांत समाधान मानीत नाहीं. कोणी त्यास मोठा कॅमेरा बांधतो, कोणी अधिक ताकदीची बॅटरी बसवितो, कोणी पंखे बदलतो. उडणाऱ्या वस्तूस असें कांहीं जोडण्यांत धोका कोणता, आणि तो कोणाच्या डोक्यावर येतो, या प्रश्नाचा इतिहास दीडशें वर्षांहून जुना आहे. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आरंभ होतो तो फ्रान्समध्यें. गास्पार फेलिक्स तूर्नाशों हा ‘नादार’ या नांवानें प्रसिद्ध असलेला छायाचित्रकार. १८५८ सालीं पॅरिसजवळ फुग्याच्या टोपलींत चढून त्यानें आकाशांतून चित्र घेण्याचा घाट घातला. त्या काळीं कांचेवर ओलें रसायन लावून, तें वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन धुवावें लागे. म्हणून अंधारखोलीहि टोपलींतच थाटावी लागली. वर जावें आणि कांच काळवंडून यावी, असें पुनः पुनः घडलें. अखेरीस दोष कॅमेऱ्याचा नसून फुग्याचा आहे हें ध्यानीं आलें. फुग्याच्या उघड्या तोंडांतून सुटणारा वायु खालीं टोपलींत उतरे, आणि त्यांतील गंधकाचा अंश कांचेवरील रुप्याच्या क्षारास काळें करी. तोंड बंद ठेवून वर गेल्यावर पुसट पण ओळखूं येईल असें चित्र मिळालें. मात्र तें तोंड उगीच उघडें ठेवलेलें नव्हतें. उंचीवर वायु प्रसरण पावतो. त्यास वाट न मिळाली तर फुगा फाटण्याचें भय असतें. दोरानें बांधलेल्या फुग्यांत, बेताच्या उंचीवर, तें निभावून गेलें. चित्रासाठीं केलेला बदल उड्डाणाच्या मुळास जाऊन भिडतो, हा या कलेचा पहिला धडा होय.

पुढें १८८८ सालीं फ्रान्समधीलच आर्तूर बात्यू यानें एक हलका कॅमेरा पतंगावर बसविला आणि सावकाश जळणाऱ्या वातीनें त्याची झडप उघडण्याची युक्ति केली. माणूस जमिनीवर राहिला, डोळा तेवढा वर गेला. तरी माणसांनीं स्वतः वर चढणें थांबविलें नाहीं. अमेरिकेंतील जॉर्ज लॉरेन्स हा १९०१ सालीं शिकागो येथें फुग्यास टांगलेल्या पिंजऱ्यांतून चित्रें घेत असतां पिंजरा फुग्यापासून तुटला, आणि तो दोनशेंहून अधिक फूट खालीं आला. वाटेंत तारायंत्राच्या व टेलिफोनच्या तारा आडव्या आल्या म्हणून जीव वांचला. त्यानंतर तो पतंगांकडे वळला. १९०६ सालीं १८ एप्रिल रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपानें आणि आगीनें उध्वस्त झालें. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं लॉरेन्सनें पतंगांची एक माळ उडवून, सुमारें २००० फूट उंचीवरून त्या भग्न नगराचें विस्तीर्ण चित्र घेतलें. त्याचा कॅमेरा सुमारें २२ किलोग्रॅम वजनाचा होता. परंतु एवढें ओझें त्यानें नुसतें लटकावून दिलें नाहीं. तें डोलूं नये म्हणून लांब काठ्या, रेशमी दोऱ्या आणि शिशाचें वजन यांची जुळणी त्यानें केली होती. ओझें वाढविलें तर तोलहि नव्यानें साधावा लागतो, हें त्यास पडून कळलें होतें.

आतां आपल्या काळाकडे येऊं. जानेवारी २०१३ मध्यें डीजेआय या चिनी कंपनीचा ‘फँटम’ हा ड्रोन बाजारांत आला. त्यास स्वतःचा कॅमेरा नव्हता. गोप्रो नांवाचा लहान कॅमेरा त्यास बांधण्याची सोय होती. साहजिकच हौशी लोक त्यावर कॅमेरा स्थिर ठेवणारीं साधनें, दृश्य दूर पाठविणारीं यंत्रें आणि नवे पंखे चढवूं लागले. यांतील धोका कावडीच्या दृष्टान्तानें समजेल. कावडीची एक घागर जड झाली, तर वाहणारा खांदा सरकवून घेतो. ड्रोनास खांदा सरकवितां येत नाहीं. कॅमेरा पुढें बांधला कीं पुढील दोन मोटारींस सतत अधिक जोरानें फिरावें लागतें; त्या तापतात, बॅटरी लौकर उतरते, आणि वाऱ्याचा झोत आला तर सांवरण्यास लागणारी राखीव शक्ति उरत नाहीं. दिशा ओळखण्यासाठीं त्यांत बारीक होकायंत्र असतें. जवळ लोखंडी स्क्रू किंवा जोराचा प्रवाह वाहणारी तार आली, तर तें भलतीच दिशा सांगतें. कॅमेऱ्याच्या बिनतारी लहरी नियंत्रणाच्या लहरींशीं एकाच पट्ट्यांत भिडल्या, तर हुकूम वरपर्यंत पोंचेलच असें नाहीं. जमिनीवर दोन मिनिटें ठीक चाललेलें यंत्र वर दहाव्या मिनिटास फसतें, तें यामुळेंच.

आणि तें फसलें म्हणजे काय होतें? हवेचा अडथळा वगळला, तर ३० मीटर उंचीवरून पडणारी वस्तु जमिनीशीं पोंचतांना तिचा वेग ताशीं सुमारें ८७ किलोमीटर असतो. २२ डिसेंबर २०१५ रोजीं इटलींतील मादोन्ना दि काम्पील्यो येथें बर्फावरील शर्यत चालूं असतां, मार्सेल हिर्शर हा ऑस्ट्रियाचा खेळाडू उतारावरून जात होता. त्याच्या अगदीं मागें चित्रें घेणारा एक ड्रोन कोसळला. तो यंत्रांत फेरफार केल्यामुळें पडला असें माझें म्हणणें नाहीं. पण पडणाऱ्या यंत्राखालीं कोण असतो, हें त्या रात्रीं लाखों लोकांनीं पाहिलें.

भारतांत २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ड्रोन नियमांत ड्रोनांचे वर्ग वजनावर पाडले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढें २ किलोग्रॅमपर्यंत मायक्रो, आणि त्याहून जड ते पुढील वर्गांत. हें वजन जोडलेल्या ओझ्यासह मोजावयाचें असतें. म्हणून २४९ ग्रॅमच्या यंत्रास पांच ग्रॅमचा तुकडा चिकटविला, तर उडविणारा नकळत दुसऱ्या वर्गांत जातो. नियम करणाऱ्यांनीं येथें वाहणाऱ्याचा नव्हे, खालून चालणाऱ्याचा विचार केला आहे.

श्रोतेहो, या सर्व कथेंतील खरा फरक हाच. नादार आणि लॉरेन्स स्वतः टोपलींत व पिंजऱ्यांत होते. चूक झाली तर पहिला घाव त्यांच्याच अंगावर पडणार होता, आणि ते त्यास तयार होते. आजचा छायाचित्रकार शेतांत किंवा गच्चीवर सुखरूप उभा असतो. जोखीम जाते ती मांडवांतील वऱ्हाड्याकडे, जत्रेंतील मुलाकडे; त्यांस कोणी विचारलेलें नसतें. म्हणून ज्यास यंत्रांत बदल करावयाचा असेल, त्यानें एका वेळीं एकच बदल करावा, यंत्र तराजूंत घालावें, तोल पाहावा, आणि ओसाड माळावर पुरता वेळ उडवून त्याची परीक्षा घ्यावी. माणसांच्या डोक्यावर परीक्षा घेऊं नये. लॉरेन्सला तारांनीं झेललें. आपल्या गांवच्या जत्रेवर तशा तारा असतीलच असें नाहीं.