पुण्याची छपरे आणि उन्हाची मोजणी

आपल्या घराच्या छपरावर सौर पॅनेल बसतील काय, हा प्रश्न पुण्यातील ज्या कुटुंबात निघतो तेथे प्रथम विजेचे बिल काढले जाते आणि लगोलग दर मागवले जातात. परंतु माझ्या मते त्याआधी विचारावयास हवे ते हे की, हे छप्पर कोणत्या काळी आणि कोणत्या प्रयोजनाने घातले गेले.

कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांतील वाडे सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर चौकाभोवती उभे राहिले आणि त्यांच्या छपरांची पाखी काही रस्त्याकडे तर काही चौकाकडे उतरली. पावसाचे पाणी निमूट वाहून जावे एवढीच त्या पाख्यांकडून अपेक्षा होती. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर नळीची देशी कौले मागे पडून चपटी मंगलोरी कौले आली, तरी अनेक ठिकाणी खालचे वासे जुनेच राहिले. पुढे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला आणि भिंतीत शिरलेली वाशांची टोके मुरलेल्या पाण्याने कुजू लागली. कौलारू छपरावर पॅनेल मुळीच बसत नाहीत असे नव्हे, कारण वासे निरोगी असतील तर कौलाखालून त्यांना लोखंडी आकडे जडवून ते बसवता येतात. परंतु जाणत्या सुताराने त्या टोकांना टोचा मारून लाकूड भुसभुशीत लागते की टणक, हे पाहिल्यावाचून जुन्या वाड्यावर काहीही चढवणे मला सर्वथा गैर वाटते.

12 जुलै 1961 रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांतील मातीचे कित्येक इमले जमीनदोस्त झाले. सिमेंटचा स्लॅब पुण्याला त्याआधीही ठाऊक होता, पण या आपत्तीनंतर सपाट गच्ची हेच मध्यमवर्गीय घराचे सर्वमान्य छप्पर होत गेले. ही गच्ची माणसांच्या वावरासाठीच आखलेली असते. भारतीय मानकानुसार तिने प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार सोसावा अशी योजना असते, आणि सांगाड्यासह पॅनेलचा भार साधारण 15 ते 20 किलोच भरतो. तेव्हा धास्ती वजनाची फारशी नाही; ती आहे वाऱ्याची आणि पाण्याची. पुण्यासाठी त्याच मानकांनी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, म्हणून सांगाडा घट्ट जखडावा लागतो. आणि तो जखडताना स्लॅबवरचा विटांचा कोबा बेफिकिरीने भोकसला, तर येत्या आषाढात खालच्या खोलीच्या छताला ओल आलीच म्हणून समजावे. छताचे पोपडे सुटून आतली गंजकी सळई दिसत असेल, तर आधी स्लॅबची दुरुस्ती, मग पॅनेलचा विचार.

उन्हाविषयी मात्र पुणेकराने निःशंक असावे, कारण देशाच्या उन्हाची शास्त्रशुद्ध मोजणी मोठ्या अंशी याच शहरातून उभी राहिली. 1928 मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून शिवाजीनगरला आले आणि लोकांनी त्याला शिमला ऑफिस हेच नाव चिकटवले. त्या दप्तरात 1948 मध्ये रुजू झालेल्या ॲना मणी यांनी 1957 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली, आणि 1980 मध्ये त्या आकड्यांचा आधारग्रंथ सिद्ध केला. आज एका किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिटे वीज असा जो ढोबळ हिशेब सांगितला जातो, त्याच्या पाठीशी अशा मोजणीची तपश्चर्या आहे.

खरा घात करते ती सावली. पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ तितक्याच अंशांनी कलते ठेवतात. 22 डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून केवळ 48 अंशांवर असतो, म्हणजे जिन्याच्या खोलीची वा पाण्याच्या टाकीची सावली उत्तरेकडे जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांबते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी अधिक. एकामागून एक जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर जरी सावली पडली, तरी साऱ्या मालिकेची वीज घटू शकते. एरंडवणे, कोथरूड या भागांतील तीन-चार मजली इमारतींच्या गच्च्या म्हणूनच उत्तम होत्या; आता दक्षिणेच्या बाजूस पुनर्विकासाची उंच इमारत उठली की, नियमाने सर्व काही रीतसर असूनही, गच्चीचे ऊन निघून जाते.

शिवाय गच्ची एकट्याची नसते. सोसायटीच्या इमारतीत ती सर्व सभासदांची सामाईक मिळकत असल्याने, वरच्या मजल्याच्या रहिवाशाला केवळ वहिवाटीच्या बळावर तेथे पॅनेल मांडता येत नाहीत; सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. 2024 पासून केंद्र सरकार घरगुती वापराच्या तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपयांचे अनुदान देत आहे, पण ठरावाची उणीव ते भरून काढू शकत नाही.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. येत्या डिसेंबरात नऊ, बारा आणि तीन वाजता गच्चीवर खडूने सावलीच्या कडा आखून पाहाव्यात. आणि ज्यांची सोसायटी पुनर्विकासाच्या करारनाम्यावर सही करण्याच्या बेतात आहे, त्यांनी नव्या गच्चीचा किती भाग पॅनेलांसाठी मोकळा राहील, हे सहीपूर्वी त्या दस्तऐवजात चौरस फुटांत लिहून घ्यावे.