सीमाभागातील हिवताप : डासाची धाव आणि माणसाची वाट

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेस, जेथे मलप्रभा उगम पावते ते कणकुंबीचे पर्जन्यबहुल अरण्य, आणि पूर्वेस अथणीचे अवर्षणग्रस्त पठार, ही दोन टोके एकाच कलेक्टराच्या अंमलाखाली होती. आणि कोकणातील मीठ घाटावर व देशावरचे धान्य घाटाखाली नेणारे लमाणांचे तांडे या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत असत. पुढे १८८८ च्या सुमारास मुरगाव ते कॅसलरॉक असा लोहमार्ग झाला आणि माणसांचा हा प्रवाह अधिकच वेगवान झाला. सह्याद्रीच्या या कुशीत हिवताप पिढीजात वतनदारासारखा ठाण मांडून बसलेला होता. वाढलेली पाणथरी हाताला लागावी म्हणून मुलांची पोटे चाचपून पाहणे, हीच त्या वतनाची जमाबंदी मोजण्याची वैद्यांची रीत होती.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाच्या परोपजीवीचा माग लावणाऱ्या रोनाल्ड रॉसने पुढे एक निराळाच प्रश्न उपस्थित केला : डबक्यातून निघालेला डास जन्मस्थानापासून किती दूर भटकतो, आणि एखादा प्रदेश डासमुक्त केल्यास त्याच्या कडेने किती डास परत आत शिरतील? १९०४ साली सेंट लुई येथील व्याख्यानात त्याने हा विचार मांडला. त्याच्याच शंकेतून कार्ल पिअर्सनने १९०५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दिशाहीन भटकंतीचे गणित विद्वानांपुढे ठेवले. त्यातून निष्पन्न झालेला सिद्धान्त असा, की अनिश्चित दिशेने भटकणारा जीव बहुधा आरंभस्थानाच्या आसपासच सापडतो. म्हणूनच डासाची मजल बहुधा मैल-दोन मैलांची. रोगाची मजल मात्र अंगात परोपजीवी घेऊन चालणाऱ्या माणसाइतकी लांब.

आपल्या मुलखात या विचाराची कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मुंबई इलाख्यातील कारवार व धारवाड या बेळगावलगतच्या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारून ग्रामीण हिवतापाचा पाडाव करण्याचा प्रयोग केला आणि १९४७ साली पहिल्या वर्षाचे फलित प्रसिद्ध केले. डासाच्या देहात परोपजीवी परिपक्व व्हावयास सुमारे दहा-बारा दिवस लागतात. रक्त पिऊन भिंतीवर विसावणाऱ्या मादीला तत्पूर्वीच मृत्यू आला, तर साखळी तुटते. जॉर्ज मॅक्डोनल्डने १९५० च्या दशकात याच तत्त्वाला गणिताचे अधिष्ठान दिले. पण दिवाळीपूर्वी गृहिणीने शेणामातीने भिंत सारवली, की तिच्या हाताखाली औषधाचा थर झाकला जाई, आणि गणितातील सुबक संख्या ओट्यावरच अडखळे.

१९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेले आणि जुन्या इलाख्याचे एक दफ्तर दोन राज्यांत विभागले गेले. घरोघर फिरून ज्वरग्रस्ताच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर घेणाऱ्या कर्मचाऱ्याला रुग्ण स्थानिक की बाहेरून आलेला, याची नोंद करावी लागे. परंतु हंगामात निपाणी-चिकोडीच्या उसात उतरणाऱ्या टोळीची पाचटाची कोप कोणत्या घरक्रमांकात मोडावी, आणि जिला भिंतच नाही तिच्यावर फवारावे तरी काय, याचे उत्तर नमुन्याच्या कागदात नव्हते. सौंदत्तीच्या यल्लमाला मार्गशीर्ष पौर्णिमेस जाणारे कोल्हापूरकडील भाविकही असेच गणनेच्या बाहेर राहणारे. १९६५ साली देशातील रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली होती. ती १९७६ साली चौसष्ट लाखांवर गेली. औषधाला न जुमानणारे डास, आटलेला पैसा व सुटलेली दक्षता अशी अनेक कारणे त्याला होती.

अलीकडे केनियात सुमारे दीड कोटी मोबाइल फोनधारकांच्या हालचालींवरून परोपजीवी कोणत्या वाटेने वाहिला जातो याचा आलेख काढला गेला. सीमाभागाला हे ज्ञान नवे वाटू नये. येथे ओढ्याचा बंदोबस्त गावाने करावा हे योग्यच. पण वाटसरूचा बंदोबस्त एका गावाच्या, एका तालुक्याच्या वा एका राज्याच्या हाती नाही. तांडा, टोळी आणि यात्रा ज्या दोन दफ्तरांच्या मधून जातात, त्यांनी आपले जाबते एकमेकांस दाखविल्याखेरीज हिवतापाची खरी हद्द कोणाच्याही नकाशात उतरणार नाही.