न ऐकण्यासाठी वाजवलेले संगीत

१९२० सालच्या मार्च महिन्यातली ही गोष्ट. पॅरिसमधल्या बार्बाझांज नावाच्या चित्रदालनात एक नाटक चालले होते. मध्यंतर झाले, लोक पाय मोकळे करायला उठले आणि दालनाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत बसवलेल्या वादकांनी वाजवायला सुरुवात केली. झाले! लोक मुकाट्याने आपापल्या जागी परत येऊन बसले. इकडे संगीतकार हवालदिल! बोलत राहा, हिंडा-फिरा, ऐकू नका, असे तो लोकांना ओरडून सांगू लागला. कुणी ऐकेना, म्हणजे सगळे ऐकतच राहिले!

हा संगीतकार म्हणजे एरिक साती. त्याच्या बरोबरीने हा प्रयोग करणाऱ्या दारियुस मियो याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. खोलीत मेज असते, खुर्च्या असतात, पडदे असतात. त्यांच्याकडे आपण टक लावून पाहात नाही, पण त्यांच्यामुळे खोली राहण्यासारखी होते. तसेच संगीतही असावे, ही सातीची कल्पना. १९१७ सालापासून तो त्याला ‘फर्निचरचे संगीत’ म्हणत असे. पण पॅरिसच्या त्या रसिकांना संगीत सभागृहाची शिस्त लागलेली. वाद्य वाजू लागले की गप्प बसायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. त्यामुळे सातीचा बेत त्या दिवशी फसला.

आता खरे पाहता, कामाच्या किंवा जेवणाच्या सोबतीला वाद्ये वाजवणे ही काही नवी गोष्ट नव्हे. जर्मनीत टेलेमान याने १७३३ साली पंक्तीत वाजवायच्या संगीताचा एक मोठा संग्रहच छापून काढला होता. आपल्याकडे देवळाच्या नगारखान्यात ठरल्या वेळी सनई-चौघडा वाजे. त्याच्यासमोर मांडी घालून कोण बसत होते? बायका सडासंमार्जन करीत, पुजारी पूजेची तयारी करीत, आणि सनई आपली चालू असे. पण गवयाची बैठक असेल, तर तिथे बोलणे म्हणजे गवयाचा अपमान! एकाच समाजात ऐकण्याच्या या दोन्ही रीती सुखाने नांदत होत्या.

सातीने अर्धवट गमतीने मांडलेली ही कल्पना पुढे वीसेक वर्षांत व्यापाऱ्यांनी आणि सरकारांनी अगदी गंभीरपणे उचलली, आणि इथे गोष्टीला वेगळे वळण लागले. अमेरिकेच्या सैन्यातले एक अधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी तारांवरून संगीत पोचवण्याची युक्ती काढली होती. १९३४ साली त्यांच्या कंपनीला ‘म्यूझॅक’ हे नाव मिळाले. ‘म्यूझिक’ आणि त्या काळचा प्रसिद्ध ‘कोडॅक’ कॅमेरा यांची ही सांगड. हे संगीत उपाहारगृहांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत वाजू लागले. पुढे तर त्याचे शास्त्रच बनवण्यात आले. पंधरा मिनिटांचा एक तुकडा, त्यात हळूहळू वाढत जाणारी लय, मग थोडी शांतता. माणूस ज्या वेळी कंटाळतो त्या वेळी त्याला जरा ढोसायचे, असा सगळा हिशेब.

महायुद्धाच्या काळात, २३ जून १९४० पासून, बीबीसीनेही कारखान्यांतल्या कामगारांसाठी सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास संगीत सुरू केले. हा कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. यंत्रापुढे तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाचा शीण त्याने हलका होत असे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण निवड कशी होत असे पाहा. एका अमेरिकन गाण्यात टाळ्यांचा ठेका होता. कामगार हातातले काम टाकून ठेका धरतील, म्हणून ते गाणे वगळण्यात आले! म्हणजे संगीत हवे, पण माणसाने त्यात रमता कामा नये. हात चालले पाहिजेत.

याचा कंटाळा येणारच होता. १९६९ साली युनेस्कोशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेने पॅरिसमध्ये एक ठराव केला. जिकडे-तिकडे वाजवल्या जाणाऱ्या संगीतामुळे माणसाच्या शांततेच्या हक्कावर आक्रमण होते, अशी त्यांची तक्रार. संगीतकारांनीच संगीताविरुद्ध तक्रार करावी, हा प्रसंग इतिहासात विरळाच म्हणायचा.

आणि नेमक्या याच वेळी त्या बदनाम कल्पनेला एकाने पुन्हा हात घातला. १९७५ साली ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार मोटारीच्या अपघातामुळे अंथरुणाला खिळून होता. भेटीला आलेल्या मैत्रिणीने हार्प नावाच्या तंतुवाद्याची एक ध्वनिमुद्रिका आणून दिली. ती गेल्यावर याने कशीबशी ती लावली. पण आवाज फार बारीक लागला, आणि उठून तो वाढवण्याची ताकद उरली नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजात ते सूर मधूनच वर येत आणि पुन्हा बुडून जात. खोलीतल्या उजेडासारखेच संगीतही आसमंताचा भाग होऊ शकते, हे त्याला तिथे उमगले. १९७८ साली त्याने ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली. कमी-अधिक लांबीच्या फितींची वेटोळी एकाच वेळी फिरत ठेवायची, म्हणजे त्यांच्यावरचे सूर दरवेळी निराळ्या जागी एकमेकांना भेटतात. काही ठिकाणी माणसांचे आवाज आहेत, पण शब्द नाहीत; नुसता आकार.

तिच्या वेष्टनावर ईनोने आपला आणि म्यूझॅकचा फरक स्पष्ट केला. म्यूझॅक परिसरातली अनिश्चितता पुसून टाकते, आपले संगीत ती राखते. त्यातून मन शांत व्हावे आणि विचाराला जागा मिळावी, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. एकाला माणसाने विचार करू नये असे वाटते; दुसऱ्याला त्याने तो करावा असे वाटते. वरवर ऐकले तर दोन्ही सारखेच मंद, सारखेच गोड. मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे मर्म इथेच आहे.

शब्द का नकोत, याचेही उत्तर पुढे मिळाले. सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आकड्यांच्या रांगा लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. वाद्यांपेक्षा गाणे चालू असताना त्यांचा गोंधळ अधिक उडाला. लिहिताना आपण मनातल्या मनात बोलतच असतो. गाण्याचे शब्दही त्याच दाराने आत शिरू पाहतात, मग दारात गर्दी व्हायचीच.

आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. मिरजेचा तंबोरा पाहा. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा ऐकायला म्हणून बैठकीला कुणी जात नाही. पण तो मध्येच थांबला तर गवई अधांतरी! चार तारा सारख्या झंकारत राहतात. त्या गवयाला पुढे कुठे जा हे सांगत नाहीत, फक्त पायाखाली जमीन देतात. लिहिणाऱ्याच्या सोबतीला संगीत हवे असेल, तर ते या जातीचे असावे.

आज माझे विद्यार्थी कानांत बोंडे घालून निबंध लिहितात. वहीत लिहीत बसलेल्या मुलीचे चित्र आणि मागे अखंड चालणारे ‘लोफाय’ संगीत त्यांच्या ओळखीचे आहे. आमच्या पिढीने त्यांना नावे ठेवू नयेत. हे भाषण चालू असताना आपल्यापैकीही कुणी भाजी निवडीत असतील, कुणी कपड्यांच्या घड्या घालीत असतील. आणि रेडिओला त्याचा राग नाही. पण विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट जरूर विचारतो. हे सूर तुम्ही निवडलेत, की फोनने तुमच्यासाठी निवडले? एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते, ते तुमचे लिहिणे चालावे म्हणून, की तुम्ही तिथून उठू नये म्हणून? अर्धे पान लिहून झाल्यावर ते सूर बंद करून पाहावेत. नंतरच्या शांततेत वाक्य पुढे सरकत असेल, तर संगीताने तंबोऱ्याचे काम केले असे खुशाल समजावे. ते तिथेच अडत असेल, तर मात्र लय आपली होती की दुसऱ्या कुणाची, याचा विचार करायला हवा.