थिएटर हाऊसफुल्ल, तिजोरी रिकामी

कडेगावच्या शेजारी पलूस तालुका, त्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. 1913 साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघेही कलावंत, तिघेही मालक. ऑर्गन, सारंगी, भरजरी शालू, अत्तर... थाट जबरदस्त! पण खर्चाला लगाम कोण घालणार? आधी टेंबे, मग बोडस बाहेर पडले. कंपनी कर्जात बुडाली.

छोट्या सिम्फनी ऑर्केस्ट्रांचाही पेच हाच. म्हणून अमेरिकेत 1942 साली स्थापन झालेली त्यांची संघटना व्यवस्थापकांना बजेट, देणग्या, तिकीटविक्री रीतसर शिकवते.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही भारी कोडरला एका दिवसात मॅनेजर करतात. मला वाटतं, गाणाऱ्याइतकीच तालीम हिशोब सांभाळणाऱ्यालाही लागते. कडेगावच्या बँडमालकाला ती आज कोण देतं?