वल्हेकऱ्याचा उजवा हात कोणता?

सिद्धगडाच्या पश्चिम उतारावर पडणारा पाऊस उल्हास नदीतून कल्याणच्या खाडीत पोचतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. त्यातच भडोचचीही हकीकत येते. नर्मदेचे मुख उथळ आणि धोक्याचे. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी वल्ह्यांच्या होड्या घेऊन परक्या गलबतांना सामोरे जात, भरतीबरोबर त्यांना ओढून आणत आणि ओहोटी लागली की नांगर टाकायला लावत.

पण वाटाड्या एका वेळी एकच गलबत नेणार. गर्दी वाढली की सर्वांना ठाऊक असलेला नियमच लागतो. १८४० साली लंडनच्या ट्रिनिटी हाउसने आगबोटींसाठी तो केला: समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे. १९७७ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतही अरुंद पात्रात उजवी कड धरायची आहे.

शर्यतीच्या होडीतला वल्हेकरी मात्र पुढे पाठ करून बसतो. त्याला समोरून येणारी होडी दिसत नाही. शिवाय होडीची उजवी बाजू त्याच्या डाव्या हाताला येते! इथे चूक झाली तर टक्कर ठरलेली. म्हणून नावाडी माणसाची नव्हे, होडीची बाजू सांगतात. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात दोन विद्यार्थ्यांना सावकाश उलटे चालायला लावून हे पडताळून पाहा.